नळदुर्गचे पाणी आणि जपानचा ठसा

सोलापुराहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्याने निघाले म्हणजे काळ्या जमिनीचे, तुरीच्या आणि सोयाबीनच्या पिकांनी भरलेले पठार दोन्ही बाजूंस लांबवर पसरत जाते, आणि हे असेच थेट कर्नाटकाच्या सीमेपर्यंत चालू राहणार अशी प्रवाशाची समजूत होऊ लागते न लागते तोच बोरी नदीने कातळात खोल उतरून घेतलेले एक वळण आणि त्या वळणाला धरून उभा असलेला नळदुर्गचा विस्तीर्ण तट त्याच्या दृष्टीस पडतो. सुमारे तीन किलोमीटर घेराच्या, शंभराहून अधिक बुरुजांच्या या किल्ल्याने बहामनी, आदिलशाही, मोगल आणि निजाम अशा अनेक राजवटींचा अंमल पाहिला. त्याचा नऊ पाकळ्यांचा नवबुरूज आणि आकाशात एकटाच उंच गेलेला, तोफा बाळगणारा उपळी बुरूज यांची वर्णने अनेकांनी केली आहेत. मी श्रावणाच्या अखेरीस तेथे गेलो तो मात्र तटबंदीच्या ओढीने नव्हे. जपानी काष्ठमुद्रेच्या परंपरेत शिरून काम केलेल्या पाश्चात्य चित्रकारांविषयी त्या दिवसांत माझे वाचन चालले होते, आणि परक्या देशाचे रूप कागदावर आणताना ते कोणाच्या हातांनी उतरते हा प्रश्न मनात इतका घोळत होता की, ज्या जागी एक इंग्रज चित्रकार राज्यकर्ता म्हणून राहिला होता ती जागा त्या प्रश्नासकट एकदा पाहावी असे वाटले.

मुख्य किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ यांना जोडणारा जो दगडी बांध बोरीच्या पात्रात घातला आहे, त्याच्याच पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दीत, हिजरी १०२२ म्हणजे इसवी सन १६१३ साली, मीर इमादीन नावाच्या स्थपतीने तो पुरा केला असे तेथील फारसी शिलालेख सांगतो. बांधाच्या माथ्यावरून जिना उतरून आत जावे, तो कमानींचे सज्जे असलेले एक नेटके दालन लागते. मागे अडविलेल्या पाण्याचा सारा भार, आणि पुढे सांडव्यातून कोसळणाऱ्या पाण्याचा पडदा, अशा दोहोंच्या मध्ये मनुष्य कोरडा उभा राहतो. या सांडव्यांना लोक नर आणि मादी म्हणतात. नदीला पाणी बेताचे असेल तर ते मुकाट असतात. पण पाऊस चांगला झाला आणि तलाव भरला म्हणजे दोन्ही धारा अशा आवेगाने खाली उडी घेतात की, शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीही खुणांनी बोलावे लागते. चारशे वर्षांपूर्वी ज्याने हे योजिले त्याला जलशास्त्र तर अवगत होतेच, परंतु पाणी कोणत्या बाजूने, किती अंतरावरून आणि कोणत्या चौकटीतून पाहिले असता सुंदर दिसते याचेही त्याला पक्के ज्ञान होते. त्या कमानीतून पाहताना समोरचे दृश्य आपोआप चित्र होते: वर काळ्या दगडाची कड, मध्ये शुभ्र पाणी, खाली हिरवट डोह.

असे पाणी चित्रात पाहावयाचे तर जपानच्या होकुसाईकडे वळावे; या चित्रकाराने १८३३ च्या सुमारास निरनिराळ्या प्रांतांतील धबधब्यांची आठ चित्रांची एक मालिका केली आहे. तिच्यातील प्रत्येक धबधब्याचा स्वभाव वेगळा आहे. एक झाडाच्या मुळांसारखा फुटत जातो, दुसरा ताठ खांबासारखा उतरतो. त्या चित्रांत पाण्याचे शुभ्रपण रंगाने आणलेले नसते; जेथे पाणी पांढरे दिसावयाचे तेथे लाकूड खोल खोदून काढलेले असते, तेथे शाई लागत नाही आणि कोरा कागदच पाणी होतो. भोवतालचा निळा रंग त्याला उठाव देतो, आणि तो निळा बहुधा प्रशियन निळा, म्हणजे युरोपात शोधला गेलेला आणि परदेशी व्यापारातून जपानात पोहोचलेला असे. तेव्हा ज्या कलेला आपण निखळ जपानी म्हणतो तिच्या अगदी गाभ्यातही परमुलखाचा एक रंग मिसळलेला होता, हे ध्यानात ठेवणे बरे.

या कलेची रीत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण माझ्या म्हणण्याचे सारे मर्म तिच्यात आहे. चित्रकार पातळ कागदावर रेषांचे चित्र काढून देतो. खोदकाम करणारा ते पालथे करून चेरीच्या लाकडाच्या फळीवर खळीने चिकटवतो आणि कागदासकट लाकूड कोरू लागतो, म्हणजे चित्रकाराच्या हातचे मूळ चित्र त्या कामात नष्ट होते. उरते ती खोदणाऱ्याने राखलेली रेषा. या पहिल्या फळीचे काळे छाप काढून त्यांवर चित्रकार कोठे कोणता रंग हवा याच्या खुणा करतो आणि त्यावरून प्रत्येक रंगाची निराळी फळी कोरली जाते. हे सगळे रंग एकमेकांवर तंतोतंत बसावेत म्हणून फळीच्या एका कोपऱ्यात काटकोनी आणि कडेला एक सरळ अशा दोन खाचा ठेवलेल्या असतात. त्यांना केन्तो म्हणतात, आणि छापणारा कागदाची कड त्यांत टेकवून तो फळीवर सोडतो. यंत्र नाही, दाब नाही. पाण्यात कालवलेला रंग आणि भाताची खळ ब्रशाने लाकडावर पसरायची, तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला दमट कागद वर ठेवायचा आणि बांबूच्या पात्यात गुंडाळलेल्या बारेन नावाच्या चपट्या गोल साधनाने पाठीमागून घासायचे. आकाश वरून गडद आणि क्षितिजाशी फिके दिसावे यासाठी रंग प्रत्येक छापाच्या वेळी फळीवर हातानेच पुसून विरळ करतात. या क्रियेला बोकाशी म्हणतात. शंभर प्रती काढावयाच्या तर ती शंभरदा करावी लागते. चित्रकार, खोदणारा, छापणारा आणि या तिघांना कामाला लावून भांडवल घालणारा प्रकाशक अशी चौघांची ही सहकारी निर्मिती आहे. परंतु कागदावर सामान्यतः नाव असते ते चित्रकाराचे, आणि मुद्रा प्रकाशकाची.

नळदुर्गास राहिलेला इंग्रज चित्रकार म्हणजे कॅप्टन, पुढे कर्नल, फिलिप मेडोज टेलर. त्याचा जन्म १८०८ साली लिव्हरपूल येथे झाला. कोवळ्या वयात एका व्यापाऱ्याच्या पेढीवर काम करण्यासाठी तो मुंबईस आला, ती पेढी अडचणीत सापडल्यावर १८२४ साली निजामाच्या फौजेत दाखल झाला, आणि पुढील आयुष्याचा बहुतेक भाग त्याने दख्खनमध्येच घालविला. ठगाच्या कबुलीजबाबावर बेतलेली १८३९ ची त्याची कादंबरी जगभर वाचली गेली. तुळजापूर आणि विजापूर येथे घडणारी ‘तारा’ ही कादंबरी १८६३ ची. परंतु तो चित्रेही काढीत असे, आणि १८३७ साली त्याच्या दख्खनमधील रेखाटनांचे पुस्तक लंडनला शिळाछापावर प्रसिद्ध झाले, ही गोष्ट मराठी वाचकांपैकी थोड्यांच्याच परिचयाची असेल. मे १८५३ मध्ये कंपनीने निजामाशी केलेल्या तहनाम्यानुसार वऱ्हाड, रायचूर आणि नळदुर्ग हे मुलूख इंग्रजांच्या हवाली झाले, आणि नळदुर्गचा कारभार टेलरकडे आला. जमीनमोजणी, जमाबंदी, रस्ते, तगाई, तंटे असा चार वर्षांचा संसार त्याने या किल्ल्याच्या आश्रयाने केला. १८५७ च्या धामधुमीत त्याची बदली बुलढाण्यास झाली, आणि १८६० साली हा जिल्हा पुन्हा निजामाच्या हाती गेला.

टेलरविषयी माझ्या मनात आदर आहे. हैदराबादच्या एका घराण्यातील मुलीशी त्याने लग्न केले, येथील भाषा शिकला, कंपनीच्या नोकरीत नव्हता म्हणून तिच्या अधिकाऱ्यांची मानमरातब त्याला कधी मिळाला नाही तरी रयतेचे काम त्याने मनापासून केले. पण चित्रकार म्हणून त्याच्या वाट्याला जे आले ते पाहिले म्हणजे हळहळ वाटते. त्याने दख्खन पाहिली. त्या चित्रांचे शिळाछाप ज्यांनी केले त्यांची मेज लंडनात होती. येथील ऊन, येथील दगडाचा काळा रंग, मुरमाटी माळ यांची रेषा ज्याच्या हातून कागदावर उतरावयाची तो कारागीर ती भूमी न पाहताच काम करीत होता.

आणि हे केवळ टेलरचेच झाले असे नाही. त्याच्याही आधी, १७९० नंतरच्या काही वर्षांत, जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पेशव्यांच्या पुण्यात होता. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने शनिवारवाड्यात एक चित्रशाळा सुरू झाली आणि तेथे तयार झालेल्या गंगाराम चिंतामण तांबट या मराठी चित्रकाराने वेरूळच्या लेण्यांची इतकी काटेकोर रेखाटने केली की ती आजही संशोधकांना उपयोगी पडतात. वेल्स १७९५ साली वारला. त्याच्या वेरूळच्या चित्रांवरून टॉमस डॅनियलने १८०३ मध्ये लंडनला मोठा ग्रंथ छापला. गंगारामची रेखाटने परदेशी संग्रहांत गेली. छापण्यासाठी धातू कोरणारे हात आपल्याकडे नव्हते असेही म्हणता येत नाही, कारण १८०५ साली मिरजेस तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली होती. हात होते, डोळेही होते. ते एका कामात एकत्र यावेत अशी व्यवस्था मात्र कोणी लावली नाही.

टेलर नळदुर्गास आला त्याच वर्षाच्या जुलैमध्ये अमेरिकन नौदलाचा अधिकारी पेरी आपली जहाजे घेऊन जपानच्या उरागा बंदरासमोर उभा राहिला, आणि दोन शतकांहून अधिक काळ जवळजवळ बंद असलेला तो देश पाश्चात्यांसाठी उघडू लागला. पुढील काही दशकांत जपानी चित्रे पॅरिसच्या दुकानांत आली आणि तेथील चित्रकारांनी त्यांच्या रचना उचलल्या, ही कथा सर्वश्रुत आहे. पण रचना उचलणे निराळे आणि त्या परंपरेत जाऊन बसणे निराळे. प्रागचा एमिल ऑर्लिक १९०० साली जपानला गेला, लाकूड कोरण्याची विद्या शिकला आणि परत येताना त्याने जी चित्रे आणली त्यांत एक चित्रकाराचे, एक खोदणाऱ्याचे आणि एक छापणाऱ्याचे अशी तिघांची तीन चित्रे आहेत. तिघांनाही समान मान देणारी ही दृष्टी मला त्याच्या साऱ्या कौशल्याहून मोठी वाटते.

आपल्या दृष्टीने अधिक जवळचा असा चित्रकार म्हणजे चार्ल्स विल्यम बार्टलेट. १८६० साली इंग्लंडातील ब्रिडपोर्ट येथे जन्मलेला, लंडनच्या रॉयल अकादमीत आणि नंतर पॅरिसच्या ज्युलियन अकादमीत शिकलेला हा गृहस्थ, पन्नाशी ओलांडल्यानंतर, १९१३ साली पत्नीसह पूर्वेकडे निघाला आणि हिंदुस्थानात बराच काळ हिंडला. पेशावर, खैबर खिंड, अमृतसर, आग्रा, उदेपूर, काशी येथील जलरंगचित्रे त्याच्या वह्यांत जमा झाली. तीच घेऊन तो १९१५ मध्ये जपानला पोहोचला तेव्हा तेथील वातानाबे शोझाबुरो हा तरुण प्रकाशक जुन्या काष्ठमुद्रेला नवे जीवन देण्याच्या खटपटीत होता. फ्रिट्झ कापेलारी या ऑस्ट्रियन चित्रकाराकडून त्याने चित्रे करवून घेतलेली होती. बार्टलेटची चित्रे त्याने आपल्या कारागिरांच्या हाती दिली आणि १९१६ साली ती छापून बाहेर आली.

आता या घटनेचा विचार करा. ताजमहाल पाहिला एका इंग्रजाने. त्याची रेषा कोरली तोक्योच्या खोदणाऱ्याने, ज्याने यमुना पाहिली नव्हती. आणि तिचा संध्याकाळचा रंग कागदावर घासला एका छापणाऱ्याने, ज्याला उत्तर हिंदुस्थानची धूळ ठाऊक नव्हती. वरवर पाहता टेलरच्या लंडनी शिळाछापाचीच ही पुनरावृत्ती वाटेल. पण फरक आहे आणि तो मोठा आहे. लंडनचा कारागीर चित्रकाराच्या रेखाटनाची नक्कल करीत होता, तर तोक्योचा कारागीर आपल्या शतकानुशतकांच्या रीतीने त्याचे रूपांतर करीत होता, आणि बार्टलेट त्याच्या शेजारी बसून आपली सवय बदलीत होता. जलरंगातील ओघळ, पुसट कडा, सावल्यांची दाटी हे सारे त्याला सोडावे लागले. सपाट रंगाची क्षेत्रे, स्पष्ट रेषा आणि मोकळी जागा यांचा त्याने स्वीकार केला. उदेपूरच्या घाटावर बसलेली माणसे, पेशावरच्या रस्त्यावरील प्रवासी अशा त्याच्या चित्रांत पाश्चात्य चित्रकाराचा शरीररचनेचा अभ्यास दिसतो, पण त्यातील हवा मात्र त्या खोदणाऱ्या-छापणाऱ्यांची आहे. आपला मोठेपणा थोडा बाजूला ठेवून जो परक्या कारागिराच्या हाती आपले चित्र निःशंकपणे देतो त्यालाच परकी परंपरा आपले काही देते, असे मला त्याच्या चित्रांकडे पाहून वाटते. १९१७ साली इंग्लंडला परतण्याच्या वाटेवर तो हवाई बेटांत उतरला आणि तेथेच राहिला. मधे पुन्हा जपानला जाऊन त्याने वातानाबेबरोबर आणखी चित्रे केली, आणि १९४० मध्ये होनोलुलूस त्याचे देहावसान झाले. वातानाबेचे दुकान १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत भस्मसात झाले. कोरलेल्या फळ्यांचा मोठा साठा त्यात गेला.

आमच्या भागाचा या परंपरेशी खरा संबंध आला तो पुढे, आणि तोही एका जपान्याकडून, जो स्वतः पाश्चात्य पद्धतीच्या तैलचित्रणात मुरलेला होता. हिरोशी योशिदा १९३० च्या हिवाळ्यात आपल्या थोरल्या मुलासह हिंदुस्थानात आला आणि परतल्यावर त्याने काढलेल्या हिंदुस्थान व आग्नेय आशियाच्या मालिकेत ताजमहाल, काशी, हिमालय यांच्या जोडीला अजिंठा आणि वेरूळ येथील लेणीही आहेत. ही दोन्ही स्थळे तेव्हा ज्या निजामाच्या रियासतीत होती तिच्यातच हा जिल्हाही होता. योशिदाने वातानाबेकडे आरंभ केला असला तरी नंतर स्वतःची कार्यशाळा थाटली, कोरणे आणि छापणे स्वतः शिकून घेतले आणि आपल्या देखरेखीखाली झालेल्या छापांवर तशी मुद्रा उठविण्याचा परिपाठ ठेवला. त्याची एक खुबी अशी की, त्याच ठशांवरून केवळ रंग बदलून तो ताजमहालाच्या बागेचा दिवस आणि रात्र अशी दोन्ही छापीत असे. नळदुर्गच्या सज्जात उभा असताना मला पुनःपुन्हा त्याची आठवण होत होती; कारण ढग आला की खालचा डोह लोखंडी रंगाचा होई आणि ऊन पडताच त्यावर पोपटी झाक चढे, दगडाची रेषा मात्र तीच राही.

नळदुर्गाहून तुळजापूर जवळच आहे, आणि अणदूरही, जेथील खंडोबा काही काळ नळदुर्गास मुक्कामाला जातो. तुळजापुरात देवीचे दर्शन घेऊन, गोमुख आणि कल्लोळ तीर्थांवरून बाजारात आलो. भवानी शिवरायांना तलवार देते त्या प्रसंगाची चित्रे येथे शेकड्यांनी टांगलेली असतात. छापलेल्या चित्राला देवघरात स्थान मिळाले ते ज्या छापखान्यांमुळे, त्यांपैकी प्रमुख जो राजा रविवर्म्याचा, तो १८९४ साली मुंबईत निघून पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. परदेशी छापणारा आणि देशी चित्रकार, अशी ती उलटी जोडी होती. तिचा इतिहास स्वतंत्रपणे लिहिण्याजोगा आहे.

धाराशिव गावाजवळची लेणी मी उभ्या-उभ्या पाहिली, कारण मला दिवस असतानाच तेर गाठावयाचे होते. तेरणाकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. ग्रीक भाषेतील सागरप्रवासाच्या वृत्तान्तात ज्याचा उल्लेख आहे ते तगर हेच, हे फ्लीट या विद्वानाने १९०१ साली सिद्ध केले. १९५८ च्या सुमारास चापेकरांनी येथे उत्खनन केले. गोरोबाकाकांच्या समाधीला येणाऱ्या वारकऱ्यांना या गावाची एक ओळख असते आणि पुराणवस्तूंच्या अभ्यासकांना दुसरी. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या येथील संग्रहालयात रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा, मृण्मूर्ती आणि पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी नाते सांगणारी हस्तिदंती मूर्ती यांची ख्याती आहे. मी मात्र सर्वांत अधिक वेळ उभा राहिलो तो उत्तरेश्वराच्या विटांच्या देवळाच्या कोरीव लाकडी चौकटीपुढे.

दगडात कोरलेल्या द्वारशाखांचे सारे शिल्पवैभव येथे लाकडात उतरले आहे. शतकांच्या उन्हापावसाने आणि हातांच्या स्पर्शाने उंचवटे झिजले आहेत, लाकडाच्या शिरा वर आल्या आहेत. तरी पटाशी कोठून शिरली, कोठे वळली आणि कोठे थांबली हे जवळून पाहिले असता ओळखता येते. जपानी खोदणाऱ्याची फळी याच्या उलट नशिबाची. काम संपले की ती रंधून तिच्यावर दुसरे चित्र कोरीत, आणि छापलेला कागद जगभर गेला तरी लाकूड क्वचितच उरे. तेरच्या सुताराने लाकूडच अखेरचे मानले. या दोघांची अवजारे मात्र फार निराळी नसावीत, आणि लाकडाच्या शिरेच्या उलट दिशेने पटाशी घातली तर कपरा उडतो हे ज्ञान दोघांनाही सारखेच असणार.

आजही ही जपानी विद्या परक्याने परिश्रमाने साध्य केल्याचे उदाहरण आहे. इंग्लंडात जन्मलेले आणि कॅनडात वाढलेले डेव्हिड बुल १९८६ मध्ये जपानला जाऊन राहिले. कात्सुकावा शुन्शो या अठराव्या शतकातील चित्रकाराच्या शंभर कवींच्या चित्रमालिकेतील चित्रे त्यांनी दरसाल दहा या हिशेबाने, स्वतः कोरून आणि स्वतः छापून, १९८९ ते १९९८ या दहा वर्षांत पुरी केली, आणि आता तोक्योच्या आसाकुसा भागात त्यांच्या कार्यशाळेत तरुण छापणारे शिकतात. त्यांनी आपली ओळख चित्रकार म्हणून नव्हे, कारागीर म्हणून राखली आहे.

तेरच्या त्या चौकटीपुढे काही शाळकरी मुले वही घेऊन बसली होती. त्यांच्या शिक्षकांनी त्यांना वेलीचा एक पट्टा उतरवून घ्यावयास सांगितले होते, आणि एक मुलगी बोटाने लाकडावरची वळणे हवेतच गिरवून मग कागदावर पेन्सिल टेकवीत होती. मी शिक्षकांशी बोललो. आपल्याकडे कापडावरचे ठसे कोरणारे साग-शिसवी वापरतात, तेव्हा चेरीच्या लाकडासाठी अडून बसण्याचे कारण नाही. रंगाला पाणी आणि भाताची खळ पुरते, आणि बारेनच्या जागी गुळगुळीत चमचाही चालतो. पावसाळ्यात मुलांना नळदुर्गास नेऊन एकाने चित्र काढावे, दुसऱ्याने कोरावे, तिसऱ्याने छापावे, आणि कागदाच्या कडेला तिघांचीही नावे लिहावीत असे मी त्यांना सुचविले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पटाश्या कोठे मिळतील असा, आणि सोलापूरच्या सुतारी अवजारांच्या दुकानांविषयी आमचे बोलणे संग्रहालय बंद होईपर्यंत चालले.